दोरीला टांगलेले चेहरे

पिंपळावरचं भूत मी माझ्या नोकरीत किती वेळा कापलं, ते आता सांगता येणार नाही. आठवड्याला एक तरी यायचंच. त्याचे कपडे पांढरे, पाय उलटे, आणि ते दिसायच्या आधी कुठलंतरी कुत्रं रडायचं. मी लाल पेन्सिलीने आधी कुत्रं कापायचो, मग पाय, मग कपडे. शेवटी पिंपळ तेवढा उरायचा. लेखक रागावून पत्र पाठवायचे की, तुम्ही गोष्टीचा आत्माच काढून घेतला. घेतला होता, खोटं कशाला बोलू. पण तो आत्मा कुणाला भिववत नव्हता.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला नव्या लेखकांसाठी चार मार्गदर्शनाच्या गोष्टी लिहायला सांगितल्यात. गोष्टीत भीती कशी आणावी, उत्कंठा कशी टिकवावी, वगैरे. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांचं पत्र आलं तेव्हा वाटलं, सांगूनच टाकावं. मार्गदर्शन करायची माझी लायकी आहे का, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

हैदराबादेत आबिड्सच्या एका गल्लीत, छापखान्याच्या माडीवर आमच्या मासिकाची कचेरी होती. मासिकाचं नाव सांगत नाही, कारण मालकांची मुलं-नातवंडं अजून याच शहरात आहेत. मालक पेशाने वकील. सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणायचे. ते संपादक, मी सहसंपादक बिरादार. म्हणजे त्यांचं नाव पहिल्या पानावर आणि बाकीची पानं माझ्याकडे. माझं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतून झालेलं. मराठी मी घरी बोललो आणि मोठेपणी वाचायला शिकलो. त्यामुळे असेल, पण छापलेल्या मराठी शब्दावर माझा सहजासहजी विश्वास बसत नसे. या धंद्यात तो गुण समजला जातो.

ती राज्यपुनर्रचनेची वर्षं होती. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं होतं. माझं भालकीकडचं गाव म्हैसूर राज्यात गेलं, बायकोचं निलंग्याकडचं माहेर मुंबई राज्यात गेलं, आणि आमचं बिऱ्हाड आंध्रात राहिलं. सरकारी नोकरांच्या याद्या लागत. आज एकाचं नाव औरंगाबादच्या यादीत, उद्या दुसऱ्याचं. आमचे वर्गणीदार बहुतेक कारकून आणि मास्तर. त्यांची पोस्टकार्डं येत, पत्ता बदलला आहे, अंक पाठवू नये. जे राहिले होते त्यांना राहायचं की जायचं ते कळत नव्हतं. नळावर, कचेरीत, किराण्याच्या दुकानात तेच बोलणं. त्याआधीची वर्षंही कुणी विसरलं नव्हतं. रझाकारांच्या आठवणी होत्या, पोलीस कारवाईनंतर जे झालं त्याच्याही होत्या. ज्याने ज्या बाजूने सोसलं तेवढंच त्याला आठवत होतं.

अशात वकीलसाहेबांनी ठरवलं की मासिकात रहस्यकथा द्यायच्या. मी विचारलं, लोक आधीच धास्तावलेत, त्यांना आणखी कशाला भिववायचं? ते म्हणाले, धास्तावलेत म्हणूनच त्यांना घाबरायला आवडेल. हे त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं ते मला उशिरा कळलं.

रहस्यकथा मागवतो आहोत असं छापलं आणि माझ्या टेबलावर भुतांची रीघ लागली. किरकिरणारे दरवाजे, विझणारे कंदील, आणि ‘तेवढ्यात’. हा ‘तेवढ्यात’ शब्द मला आजही सोसवत नाही. पानापानावर तेवढ्यात काहीतरी होतं आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. मी लेखकांना लिहायचो, बाबा रे, तेवढ्यात काही होत नसतं. जे व्हायचं ते आधीपासून होत असतं, फक्त कुणाचं लक्ष नसतं. लक्ष नसलेलं दाखवा. एक मास्तर कविता पाठवायचे. सोळा ओळींत अकरा वेळा ‘भयाण’. मी कळवलं, हा शब्द काढा आणि काय दिसलं ते लिहा. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं की काहीच दिसलं नाही, म्हणून तर भयाण. मी कविता छापली.

बाहेरच्यांना वाटतं, भीती म्हणजे मोठं काहीतरी. उलट आहे. नांदेडकडच्या एका बाईंनी तेव्हा एक दीड पानी गोष्ट पाठवली होती. घरातली सून रोज चार ताटं वाढते. एके दिवशी ती तीन वाढते. सगळे जेवतात, आमटी चांगली झाली म्हणतात, चौथ्या ताटाबद्दल कुणी बोलत नाही. संपली गोष्ट. मी ती वाचली आणि घरी जेवायला बसलो तेव्हा ताटं मोजली. उत्कंठेचंही असंच असतं. वाचकाला थोडं कळू द्यायचं आणि गोष्टीतल्या माणसाला कळू द्यायचं नाही. मग वाचक स्वतःच तळमळत बसतो. लेखकाने हात बांधून गप्प राहायचं असतं. पण गप्प राहणारा लेखक मला सगळ्या नोकरीत पाच-सहाच भेटले.

आणखी एक होतं, त्याला माझ्याजवळ तेव्हा नाव नव्हतं. खलनायक आला की तो काळाकुट्ट असायचा, नाहीतर दाढीवाला, नाहीतर गावाबाहेर पाल ठोकून राहिलेला कुणीतरी. त्याने काय केलं हे सांगायची लेखकाला गरजच पडत नसे. रूप सांगितलं की काम झालं. भीती लेखकाला बांधावी लागते, उत्कंठा ताणावी लागते. पूर्वग्रह मात्र वाचक घरूनच घेऊन येतो, लेखकाने नुसतं दार उघडायचं. मी ती वर्णनंही कापायचो. पण आळस म्हणून कापायचो, परीक्षेत नक्कल करणाऱ्या पोराला उठवावं तसा. त्याच्यात याहून वाईट काही असेल हे डोक्यात आलं नाही.

देगलूरकर अशांपैकीच एक. महसूल खात्यात कारकून, अंबरपेठेत बिऱ्हाड. अक्षर मोत्यासारखं आणि गोष्टी सगळ्या पिठलं-भातासारख्या एकसारख्या. त्याची एक दीर्घकथा आली. एका गल्लीत एक दाढीवाला राहायला येतो आणि लोकांना त्याचा संशय येतो. मी त्याला कचेरीत बोलावलं आणि वैतागून सांगितलं की हा दाढीवाला कागदाचा आहे. याला हात नाहीत, बोटं नाहीत, वास नाही. खरा माणूस बघ आणि लिही.

महिन्याभराने तो परत आला आणि या वेळी मी पानं खाली ठेवू शकलो नाही. दाढीवाल्याच्या बोटांची टोकं काळी पडलेली होती, धुतली तरी जात नव्हती. भर दुपारी तो खोली बंद करून घ्यायचा आणि वरच्या झरोक्यातून लाल उजेड दिसायचा. त्याच्या अंगाला आंबूस वास यायचा. आणि त्याच्या खिडकीत दोरीला मुलांचे फोटो वाळत घातलेले होते.

मी खूश झालो. खरंच झालो. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझं ऐकलं होतं. मी एकच दुरुस्ती सुचवली. ‘फोटो’ हा शब्द काढून टाक, म्हटलं. दोरीला गल्लीतल्या मुलांचे चेहरे टांगलेले होते, एवढंच लिही. ‘वाळत घातलेले’ पण नको. टांगलेले. देगलूरकराने माझ्यासमोर बसून ते वाक्य लिहिलं, वाचलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला.

हा माणूस कोण, हे मी विचारलं नाही. काळी बोटं, लाल उजेड, फोटो. उर्दू मॅट्रिक झालेल्या माणसाला एवढं तरी समजायला हवं होतं. समजलंही असेल. गोष्ट चांगली होत होती म्हणून मी ते स्वतःला कळू दिलं नाही.

तीन हप्त्यांत छापायचं ठरलं. पहिल्या हप्त्यानंतर आबिड्सच्या स्टॉलवरचे अंक संपले, असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या हप्त्यानंतर पत्रांचा गठ्ठा आला. वकीलसाहेब ती पत्रं कोर्टात नेऊन मित्रांना दाखवत. अंबरपेठेतून जास्त पत्रं होती. एका बाईंनी लिहिलं होतं, आमच्याही गल्लीत असा एकजण आहे, पुढचा हप्ता लवकर द्या. मी ते पत्र वाचलं आणि फाइलला लावलं.

तिसरा हप्ता खालच्या मजल्यावर जुळून तयार झाला होता. त्यात गल्लीतलं एक मूल नाहीसं होतं, लोक जमून दाढीवाल्याचं दार फोडतात आणि मूल आत सापडतं. मी प्रूफं तपासत होतो. दुपारची वेळ होती. दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा असेल, शेरवानी जुनी पण इस्त्रीची, दाढी नीट कापलेली. जोडे त्याने बाहेर काढले होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले आमचे दोन अंक होते. ते टेबलावर ठेवताना मला त्याची बोटं दिसली. नखांपाशी काळी.

त्याने आपलं नाव गौस सांगितलं. आबिड्सच्याच एका फोटो स्टुडिओत तो फोटो धुवायचं, छापायचं काम करत होता, आणि शाळांचे गट-फोटो घरी आणून छापायचा. काचेला लाल रंग दिलेला कंदील लावून खोली बंद करावी लागते, नाहीतर कागद खराब होतो. औषधांनी बोटं काळी होतात आणि वास येतो. हे सगळं त्याने हळू आवाजात सांगितलं, जसं काही मला माहीतच नसेल. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. स्टुडिओतल्या एका मराठी कारकुनाने दोन्ही हप्ते वाचून दाखवले होते.

मग त्याने गल्लीत काय काय झालं ते सांगितलं. नळावर बायका त्याची घागर बाजूला सारतात. त्याच्या झरोक्याची लाल काच कुणीतरी धोंडा मारून फोडली. त्याला आठ वर्षांची मुलगी होती, राबिया. बायको वारलेली, घरात दोघंच. राबियाला पोरं रस्त्यात अडवून विचारतात, आज कुणाचा चेहरा टांगला? ती शाळेत जाईना झाली.

मुलगी आहे हे ऐकून मी दचकलो. देगलूरकराच्या गोष्टीत दाढीवाला एकटा होता.

मला वाटलं हा माफी मागायला लावेल, नाहीतर पोलिसांत जातो म्हणेल. त्याने दोन्ही केलं नाही. तो म्हणाला, “साब, अगले महीने मेरा क्या होता, वो बता देते क्या?”

मी विचारलं, का?

“मकान छोड़ना क्या नक्को, सोचना है. उस के हिसाब से सोचता मैं.”

मी कितीतरी वाचकांना हा प्रश्न विचारायला लावला होता. त्याचा मला अभिमान होता. समोर प्रूफ पडलं होतं, त्याचं दार कसं फुटतं ते त्यात लिहिलेलं होतं. मी प्रूफावर हात ठेवला आणि खोटं बोललो की अजून लिहून झालेलं नाही. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, “हमारे गाँव में भी पहले बातां आयी थीं साब. लोगां बाद में आये.”

त्याचं गाव बीदरकडचं. पोलीस कारवाईनंतर तिथे त्याचा भाऊ मारला गेला होता. हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही. अंक तिथेच ठेवून तो जोडे घालून निघून गेला.

मी प्रूफ घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गोष्टीत त्याचं नाव आहे का? गल्लीचं नाव आहे का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग कायद्याने आपण कुठेच अडकत नाही. मी म्हटलं, मी कायद्याबद्दल बोलतच नाही. ते चिडले. त्यांचंही बरोबर होतं, मासिक बुडत होतं आणि या एका गोष्टीने ते वर आलं होतं. बराच वेळ वाद झाला. शेवटी मी म्हणालो की हा हप्ता जसा आहे तसा निघणार असेल तर प्रूफावर माझी सही होणार नाही. आठ वर्षांत असं मी पहिल्यांदा बोललो. ते म्हणाले, “लेखकाची परवानगी आण. त्याने हो म्हटलं तर काय वाट्टेल तो शेवट कर.”

देगलूरकराचं नाव तोवर औरंगाबादच्या यादीत लागलं होतं. तो मला नामपल्ली स्टेशनवर सापडला. बायको ट्रंकेवर बसलेली, गाद्यांच्या वळकट्या, तांब्याचा बंब, आणि हा मालाच्या डब्याशी हमालाशी घासाघीस करत होता. मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही, पण आश्चर्यही वाटलं नाही. म्हणजे गौसला तो ओळखत होता. समोरच राहायचा. राबियालाही ओळखत होता. रोज सकाळी हा माणूस ओट्यावर बसून मुलीची वेणी घालतो, हे त्याने पाहिलेलं होतं.

“मग ते का नाही लिहिलं?” मी विचारलं.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मी नवशिक्या लेखकांकडे बघायचो. म्हणाला, “बिरादार, वेणी घालणाऱ्या माणसाला कोण घाबरणार? गोष्टीत ती पोरगी बसत नव्हती.”

मी या धंद्यातलं जे काही शिकलो त्यात हे सगळ्यात पक्कं शिकलो. आणि ते त्या माणसाकडून शिकावं लागलं, याचा मला अजून राग येतो. त्याच्या छापलेल्या दोन हप्त्यांत खोटं असं एकही वाक्य नव्हतं. काळी बोटं खरी, वास खरा, लाल उजेड खरा. फक्त एक वेणी त्याने सोडून दिली होती आणि एक शब्द मी.

देगलूरकर म्हणाला की शेवट बदलायचा तर त्याच्यावर माझं नाव नको. मी आता तिकडचा झालो, इथे कोण काय म्हणतं त्याच्याशी मला काय. हमालाने हाक मारली तसा तो गेला.

शेवटचा हप्ता मी स्वतः लिहायला घेतला. आधी अंबरपेठेत गौसच्या घरी गेलो, कारण या वेळी तरी बघून लिहावं असं वाटलं. त्याने दार उघडलं आणि मला आत घेतलं. फुटलेल्या काचेच्या जागी त्याने लाल कागद चिकटवला होता. मला त्याने कागद औषधात टाकून दाखवला. कोऱ्या कागदावर आधी डोळे येतात, मग केस, मग सगळं तोंड. कुठल्यातरी शाळेची चाळीस पोरं हळूहळू वर आली. राबिया दाराशी उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली की तिसऱ्या ओळीतला कडेचा मुलगा हलला म्हणून त्याला दोन नाकं आली आहेत. मला हसू आलं. तिला आलं नाही.

मी सगळं लिहिलं. गोष्टीतलं मूल हरवत नाही, ते दाढीवाल्याच्या खोलीत कुतूहलाने शिरतं आणि कागदावर आपलाच चेहरा उमटताना पाहतं. वेणी लिहिली. ‘फोटो’ हा शब्द त्याच्या जागी परत ठेवला. खाली नरसय्या नावाचा तेलुगू कंपोझिटर होता. तो मराठी न वाचता नुसत्या अक्षरांच्या आकारावरून शिशाचे खिळे जुळवायचा आणि आमच्या कुठल्याही मराठी माणसापेक्षा कमी चुका करायचा. जुळवून ठेवलेला सगळा मजकूर मोडून पुन्हा करायचा आहे म्हटल्यावर तो एकच शब्द बोलला, “मळ्ळी?” म्हणजे, पुन्हा? मी म्हटलं, पुन्हा. त्याने मान हलवली आणि खिळे सोडवायला बसला. हप्ता लेखकाच्या नावाशिवाय छापला.

मला वाटत होतं, आता सगळं ठीक होईल. चाळीस वर्षं होत आली, पण तेव्हा मला तसं वाटलं होतं हे आठवलं की स्वतःचीच चीड येते.

पत्रं आली. पहिल्या दोन हप्त्यांपेक्षा जास्त आली. फसवणूक केलीत, असं बहुतेकांचं म्हणणं. एका मुख्याध्यापकांनी लिहिलं की उत्कंठेची हवाच गेली. दुसऱ्या एकाने विचारलं, ही मुलगी अचानक कुठून आली? आधीच्या दोन हप्त्यांत तिचा उल्लेख नाही, तेव्हा संपादकांनी ती बनवून घातली आहे, हे उघड आहे. या गृहस्थांचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मी लिहिलेल्या हप्त्यात ती मुलगी जशीच्या तशी खरी होती, आणि तीच त्यांना बनावट वाटली. आणि अंबरपेठेतून एक पत्र आलं, खाली सही नाही. दाढीवाल्याने कचेरीत येऊन तुम्हाला दम दिला, म्हणून तुम्ही शेवट बदललात, आम्हाला सगळं माहीत आहे.

म्हणजे मी जे पुसायला गेलो होतो त्याचा पुरावा करून दिला. भिववायला मला एक शब्द काढावा लागला होता. उलट करायला अकरा पानं लागली आणि ती पुरली नाहीत. मी वकीलसाहेबांना म्हटलं की हे जे झालं ते सरळ लिहून छापू या, आपलं निवेदन म्हणून. त्यांनी नकार दिला. मी तेव्हा पुरेसा भांडलो नाही. एकदा भांडून माझी शक्ती संपल्यासारखी झाली होती, आणि नोकरी सुटली असती तर जायला मला तीन राज्यांपैकी एकातही जागा नव्हती. कारणं खरी आहेत. पण मी भांडलो नाही, हेही खरं आहे.

महिन्याच्या आत गौसच्या घरमालकाने त्याला जागा सोडायला सांगितली. मालक वाईट नव्हता म्हणे. बाकीचे भाडेकरू कुरकुर करतात, एवढंच त्याचं म्हणणं.

मासिक पुढे दीड वर्ष चाललं. राज्यं झाली, वर्गणीदार आपापल्या राज्यात गेले, आणि वकीलसाहेबांनी एक दिवस कुलूप लावलं. मी मराठी शाळेत मास्तर झालो आणि तिथेच निवृत्त झालो. पण मासिक बंद व्हायच्या आधी मी एकदा स्टुडिओत जाऊन गौसचा नवा पत्ता विचारला. त्याने स्वतःच लिहून दिला, उर्दूत. मलकपेठेत एका तेलुगू वस्तीत त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. रविवारी सकाळी मी गेलो.

मी माफी मागायला गेलो होतो. रस्त्याने वाक्यं जुळवत गेलो, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड जमेना. गौसने चहा केला. राबिया शेजारच्या म्हाताऱ्या बाईबरोबर बाजारात गेली होती, त्या दोघी तेवढ्यात आल्या. (हा शब्द मी कापला असता, पण खरंच तेवढ्यात आल्या.) म्हातारीने भाजीची पिशवी खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गौसला विचारलं, हे कोण?

राबिया मला ओळखत होती. ती बापाकडे बघत राहिली. मीही.

“पहचान वाले हैं,” गौस म्हणाला. “आबिड्स में काम करते.”

म्हातारीचं समाधान झालं. राबियाला घेऊन ती आपल्या घरी गेली. मी विचारलं, तुम्ही तिला खरं का नाही सांगितलं? या लोकांना कळायला हवं की तुम्ही अंबरपेठ का सोडलं. माझं नाव घेऊन सांगितलं असतं तरी मी काही बोललो नसतो.

तो कप घेऊन खाली बसला. म्हणाला, “सुना सकता था साब. मगर सुनाने बैठे तो आधा छूट जाता. आप के घर में भी बच्चे होंगे. वो छूट जाते.”

मी म्हटलं, दोन आहेत. एक मुलगा, एक मुलगी.

त्याने त्यांची नावं विचारली. मी सांगितली. मुलगी केवढी आहे, शाळेत जाते का, हेही त्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगत बसलो, आणि जुळवून आणलेली वाक्यं तशीच राहून गेली.